पिवळी छत्री आणि हानूशचे डोळे

युरोपातल्या कुठल्याही जुन्या शहरात सकाळी दहाच्या सुमारास मुख्य चौकात गेलात ना, तर आकाशात एक ढग नसला तरी चार-पाच जण छत्र्या उघडून उभे असतात, हे गाईड. कुणाची लाल छत्री, कुणाची निळी, आपण आपल्या रंगाखाली जाऊन नाव सांगायचं आणि मग दोन-अडीच तास त्या छत्रीच्या मागे मागे निमूट चालायचं. याला फ्री टूर म्हणतात. फ्री कसली डोंबलाची, शेवटी खिशात हात घालावाच लागतो, पण किती द्यायचे ते आपल्यावर सोडलेलं असतं, त्यामुळे गाईड जीव तोडून गोष्टी सांगतात आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे.

आई-बाबा इकडे आले होते तेव्हा प्रागला गेलो. आमची छत्री पिवळी आणि छत्रीखाली एक इतिहास शिकणारी मुलगी, आवाज खणखणीत. बाबांनी पांढरे स्पोर्ट्स शूज, स्वेटर, गळ्यात कॅमेरा असा जामानिमा करून पहिली जागा पटकावली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

पावडर टॉवरपासून सुरुवात. 1475 साली बांधायला घेतलेला दरवाजा, पुढे त्यात तोफांची दारू साठवायचे म्हणून हे नाव. इथून पुढे राजांचा राज्याभिषेकाचा मार्ग, आता तिथे मॅग्नेट आणि त्रदेल्निक विकतात. त्रदेल्निक म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड पाव, त्यात आईस्क्रीम वगैरे भरून, आणि पाटीवर बिनदिक्कत 'पारंपरिक' लिहिलेलं. गाईड म्हणाली, माझ्या आजीने हे आयुष्यात केलं नाही. तरी आईने घेतलंच एक.

मग गल्लीतून सेंट जेम्स चर्चमध्ये. आत गेल्यावर भिंतीवर उंच काहीतरी काळं, वाळलेलं लटकतंय, नीट बघितलं तर माणसाचा हात, कोपरापर्यंतचा! एक चोर मेरीच्या मूर्तीवरचे दागिने काढायला गेला, मूर्तीने त्याचा हात धरला तो सोडेचना, सकाळी लोकांना हातच कापावा लागला, आणि तो गेली चारशे वर्षं तिथे टांगलाय म्हणतात. आईने ताबडतोब स्वतःची पर्स पोटाशी धरली.

पण खरा मुक्काम जुन्या टाउन हॉलच्या घड्याळापाशी, ओरलॉय म्हणतात त्याला. 1410 सालचं घड्याळ आणि अजून चालतंय. तासाला पाच मिनिटं कमी असताना खाली ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. ठोका पडायच्या आधी सांगाडा घंटी वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकेक करून डोकावतात, शेजारचे पुतळे माना हलवतात, कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचा मामला. गर्दीतून निरनिराळ्या भाषांत एकच सूर आला, बस्स?

बाबा मात्र हलेनात. कारण गाईडने तबकडी समजावून सांगायला घेतली आणि मग आम्हाला कळलं की हे घड्याळ नाहीच, हे भिंतीवर चढवलेलं पंचांग आहे. सूर्य कुठल्या राशीत, चंद्र कुठे, उगवती-मावळती कधी, सगळं एका तबकडीवर. चंद्राचा छोटा गोळा अर्धा रुपेरी अर्धा काळा, तो स्वतःभोवती फिरत कला दाखवतो, अमावस्येला काळी बाजू पुढे. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे 24 आकडे, ते जुन्या बोहेमियन (चेक) वेळेचे, म्हणजे दिवस मोजायचा तो सूर्यास्तापासून, आणि सूर्यास्त वर्षभर मागेपुढे होतो म्हणून ते कडंही वर्षभर मागेपुढे सरकतं. आपला दिवस सूर्योदयापासून, यांचा सूर्यास्तापासून, बाबा खूश! खाली आणखी एक तबकडी, तिच्यावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एकेक संताचं नाव, ती रोज एक घर पुढे जाते. बाबांनी विचारलं, चावी कोण देतो? तर म्हणे देखभालीला खास माणूस नेमलेला असतो.

आणि मग तिने आवाज खाली आणला. मला हे कळायला लागलंय, गाईडने आवाज खाली आणला की पुढची गोष्ट बहुतेक खोटी असते आणि सगळ्यात भारी असते. घड्याळ बनवलं मास्टर हानूशने, नगरपालिकेच्या लोकांना भीती वाटली की हा दुसऱ्या शहराला असंच करून देईल, म्हणून रात्री माणसं पाठवून त्याचे डोळे फोडले. आंधळा हानूश चाचपडत वर चढला, यंत्रात हात घातला आणि घड्याळ बंद पाडलं, ते पुढे कित्येक वर्षं कुणाला दुरुस्त करता आलं नाही. सगळे गप्प. एक अमेरिकन बाई तर डोळे पुसत होती.

यातलं खरं काही नाही. घड्याळ बनवलं कादानच्या मिकुलाशने, कागदपत्रं आहेत, आणि त्याचे डोळे कुणी फोडले नाहीत. हानूश त्याच्या बराच नंतरचा. आग्र्याला ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडले म्हणून सांगतात त्याच जातीची ही गोष्ट, तिलाही आधार नाही. पण काम चोख केलं, पैसे घेतले, घरी गेला, हे ऐकून टीप कोण देणार? मिकुलाश बिचारा खरा असल्यामुळे मागे पडला.

पुलावरही तेच. चार्ल्स ब्रिजचा पाया घातला 1357 साली, 9 जुलैला, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी, म्हणजे आकडे 1-3-5-7-9-7-5-3-1, ज्योतिषांनी काढलेला मुहूर्त असं सांगतात. चुन्यात अंडी घातली, गावोगावहून मागवली, वेलवारी गावाने फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली! आणि नेपोमुकचा जॉन, तो पाद्री, ज्याच्या पुतळ्याखालचं पितळ लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलंय. राणीने कबुलीत काय सांगितलं ते राजाला सांगेना म्हणून 1393 साली नदीत फेकला, ही गोष्ट. इतिहासकार म्हणतात भांडण चर्चमधल्या नेमणुकीवरून होतं. नदीत फेकला हे दोन्हीकडे खरं, पण नेमणुकीच्या वादासाठी कोण पितळ घासत बसणार.

माझ्या लक्षात मात्र चौकातल्या ज्या दोन गोष्टी राहिल्या त्यांच्या वेळी तिने आवाज अजिबात बदलला नव्हता. घड्याळापासून चार पावलांवर जमिनीत पांढऱ्या दगडांचे 27 क्रॉस आहेत. 1620 ला व्हाइट माउंटनची लढाई हरल्यावर हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडातले 27 जण, सरदार, उमराव, साधे नागरिक, 21 जून 1621 ला इथे मारले, त्यातल्या 12 जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली ती 10 वर्षं तिथेच. क्रॉसवर पाय पडतात, लोक वर बघत असतात ना. आणि दुसरी, टाउन हॉलची उत्तरेकडची बाजू. तिथे काही नाहीये. नुसती झाडं, बाकं, आणि बुरुजाला चिकटलेला तांबूस भिंतीचा एक तुकडा, तोही तुटलेला. मे 1945 मध्ये, युद्ध संपता संपता, प्रागकरांनी उठाव केला तेव्हा जर्मनांच्या माऱ्यात हा भाग जळाला, घड्याळही होरपळलं. घड्याळ काही वर्षांत परत चालू केलं. इमारतीसाठी स्पर्धा झाल्या, नकाशे आले, बांधलं काहीच नाही. अख्ख्या सजवलेल्या चौकात तेवढीच एक जागा मोकळी आणि तिथे कुणी फोटो काढत नव्हतं, आमच्या ग्रुपचे लोक तर बाकावर बसून पाणी पीत होते.

शेवटी पुलाच्या टोकाला टीप. आम्ही मनातल्या मनात कोरुनाचे रुपये करत कोपऱ्यात उभे, बाबांनी मात्र एकदम मोठी नोट काढून दिली, वर इंग्लिशमध्ये भाषण.

रात्री हॉटेलवरून त्यांचा नाशिकला आत्याला फोन, स्पीकरवर. "अगं ताई, असं घड्याळ, काय सांगू तुला! आणि ज्याने बनवलं त्याचे डोळे काढले गं, आणि परत बनवेल म्हणून हातसुद्धा तोडला, तो हात अजून टांगलाय तिथे, मी बघितला!"

आई आतून ओरडली, "अहो, हात त्या चोराचा होता!"

बाबांनी फोनवर तळवा धरला. "असू दे, तिला काय कळणारे."