सापडली नसेल तर तसे लिहा : डेट्रॉइट ते फ्लोरिडा, जिओकॅश शोधत

नाताळच्या सुट्टीत डेट्रॉइटजवळच्या घरून फ्लोरिडातील गेन्सव्हिलपर्यंत इंटरस्टेट ७५ ने गाडीने जायचे आणि वाटेतले थांबे जिओकॅश पाहून ठरवायचे, असा आमचा बेत होता. अंतर हजार मैलांहून अधिक आहे आणि मागच्या सीटवर मुलगी असताना दर दोन-तीन तासांनी पाय मोकळे करावेच लागतात. त्या वेळात कोणीतरी लपवून ठेवलेली डबी अक्षांश-रेखांशांवरून शोधायची, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची, हा जिओकॅशिंगचा छंद आमच्या घरात चांगलाच रुजला आहे.

ओहायोतले थांबे सुरळीत पार पडले. आमचे घोडे अडले ते केंटकीच्या दक्षिण भागात, महामार्गापासून थोड्या आत असलेल्या एका लहान गावाच्या सार्वजनिक बागेत, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. छंदाच्या संकेतस्थळावरील पानानुसार ही डबी सोपी होती: काठिण्य पाचपैकी दीड, वाट पाचपैकी दीड, हिवाळ्यातही उपलब्ध असल्याचे हिमकणाचे चिन्ह, आणि संकेत असा की चुंबकाने चिकटवलेली, गुडघ्याच्या उंचीवर. निघण्यापूर्वी मी प्रत्येक थांब्याविषयी शोधकांनी केलेल्या अलीकडच्या नोंदी वाचल्या होत्या. येथे काही जणांनी ‘सापडली नाही’ असे लिहिले होते, परंतु सर्वांत ताजी नोंद ‘सापडली, धन्यवाद’ अशी होती. कोणताही शोधक अशा नोंदीवर विश्वास ठेवील, तसा आम्हीही ठेवला.

जीपीएस आपल्याला काही मीटरांच्या परिघापर्यंत आणून सोडते. पुढचे काम डोळ्यांचे आणि बोटांचे असते. त्या परिघात लोखंडी कठडा होता, दोन बाके होती, एक माहितीफलक होता आणि दिव्याचा खांब होता. गोठवणाऱ्या थंडीत हातमोजे काढून आम्ही त्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या खालून, मागून आणि सांध्यांमधून बोटे फिरवली. नवऱ्याने कठड्याचा एकेक गज तपासला, मुलीने बाकाखाली झोपून पाहिले, आणि फोनची बॅटरी थंडीने झपाट्याने उतरू लागली तेव्हा मी तो कोटाच्या आतल्या खिशात ऊब देत, मधूनमधून बाहेर काढून वापरला. असा तासभर गेला. पुढे टेनेसीच्या हद्दीत जेलिकोपासून कॅरिव्हिलपर्यंतचा डोंगराळ रस्ता आहे. तो उजेडात ओलांडायचा असे आम्ही ठरवले होते, तो अंधारात आणि धुक्यात ओलांडावा लागला. मुलीची निराशा वेगळीच.

आदल्या शोधकाला मी नम्रपणे विचारले. दुसऱ्या दिवशी आम्ही जॉर्जियात पोहोचल्यावर त्याचे उत्तर आले. त्याला डबी सापडलीच नव्हती. पुढच्यांची निराशा होऊ नये म्हणून त्याने स्वतःजवळची एक प्लास्टिकची नळी थोड्या अंतरावरच्या झाडाच्या फांदीला अडकवली, तिच्यातल्या कागदावर सही केली आणि ‘सापडली’ अशी नोंद केली. हेतू भला असेल. परिणाम मात्र असा झाला की मूळ डबी नाहीशी झाल्याचे सांगणाऱ्या आधीच्या सगळ्या प्रामाणिक नोंदी त्या एका शब्दाने खोट्या ठरल्या. ती नळी चुंबकाची नव्हती आणि मूळ जागीही नव्हती. तेव्हा संकेत वाचून येणाऱ्याने ती शोधावी तरी कशी? मूळ मालकाच्या, म्हणजे डबी लपवणाऱ्याच्या, परवानगीशिवाय दुसरी डबी ठेवू नये, हा या छंदातला सर्वमान्य दंडक आहे आणि तो किती आवश्यक आहे हे मला त्या कठड्यापाशी पुरते कळले. मालकाच्या पानावर त्याने संकेतस्थळाला दिलेल्या शेवटच्या भेटीची तारीख दिसते. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती.

मी ‘सापडली नाही’ अशी नोंद केली आणि त्यासोबत मालकाने लक्ष घालावे अशी सूचनाही नोंदवली. मालकाकडून काहीच हालचाल न झाल्यावर, घरी परतल्यानंतर, संकेतस्थळाच्या स्वयंसेवक तपासनीसांकडे प्रकरण नेले. त्यांनी त्या डबीचे पान आधी तात्पुरते बंद केले, मालकाला काही आठवड्यांची मुदत दिली आणि मग ते कायमचे बंद केले. याचे मला मनापासून समाधान आहे. आता ती जागा दुसऱ्या कोणासाठी मोकळी झाली आहे, कारण दोन डब्यांमध्ये किमान ५२८ फूट अंतर राखावे लागते आणि नाहीशा झालेल्या डब्यांची चालू राहिलेली पानेही जागा अडवून बसतात.

यातून माझा आग्रहाचा सल्ला असा की प्रवासाचे थांबे निवडताना केवळ शेवटची नोंद पाहू नये. आधी सलग ‘सापडली नाही’ आणि मग तपशील नसलेली एकच ‘सापडली’ असेल, तर तो थांबा सरळ वगळावा. मालक अलीकडे येऊन गेला आहे का, हेही पाहावे.

पुढचा प्रवास सुखाचा झाला. चॅटानूगाजवळच्या चिकामॉगा रणभूमीसारख्या राष्ट्रीय उद्यानांच्या जागी डब्या लपवण्यास सहसा परवानगी नसते. तेथे डबी शोधण्याऐवजी जागेवरची माहिती वाचून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. त्यामुळे काही हरवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि थकलेल्या दिवसासाठी मी असेच थांबे सुचवीन. गेन्सव्हिलचे डेव्हिल्स मिलहॉपर हे चुनखडी विरघळून खचलेले, सुमारे १२० फूट खोल विवर आहे. त्याच्या जिन्यावरून उतरताना हिवाळ्यातही हिरवीगार झाडी आणि भिंतींवरून झिरपणारे पाणी दिसते, आणि अशाच प्रश्नांच्या या थांब्यावर मुलीने खडकाविषयीचे सगळे प्रश्न स्वतः सोडवले.

जॉर्जियाच्या वनक्षेत्रात शिरणार असाल तर नारिंगी जाकीट घाला, कारण नाताळच्या सुमारास हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू असतो. मुलांनी एका डबीतून दुसऱ्या डबीत पुढे पाठवायच्या वस्तू बरोबर घेतल्या असतील, तर मोठ्या आकाराची निदान एक डबी यादीत ठेवा; चुंबकाच्या चिमुकल्या डब्यांत कागदाच्या गुंडाळीखेरीज काही मावत नाही. नकाशे निघण्यापूर्वीच उतरवून ठेवा, कारण डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही. आणि पेनाऐवजी पेन्सिल न्या, कारण थंडीत शाई उतरत नाही.