टाकी मोजू नका, पाणी मोजा

सकाळी पावणेआठला भोसरीत इलेक्ट्रोप्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंना मुलामा द्यायच्या शेडवर पोचले की मी चहाच्या आधी बीकर हातात घेते. क्रोमचा मुलामा दिल्यानंतरच्या धुण्याचं पाणी साठवणीच्या टाकीतून काढायचं आणि दारातल्या उजेडात धरायचं. पिवळंजर्द असतं, हळद कालवल्यासारखं. त्यात थेंब थेंब आम्ल टाकत पीएच अडीचच्या आसपास आणायचा आणि मग चिमूटभर मेटा. पूर्ण नाव सोडियम मेटाबायसल्फाइट, पण शेडवर सगळे नुसतं मेटाच म्हणतात. नाकाला झोंबणारा वास येतो आणि बघता बघता पिवळेपणा उतरून पाणी हिरवट होतं. त्यात चुन्याची निवळी घालून पीएच साडेआठपर्यंत नेला की हिरवट-करडे पुंजके धरायला लागतात, हळूहळू तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरतं.

सत्तावीस वर्षं हे बघतेय, तरी दर वेळी तितकंच बरं वाटतं. पिवळा तो सहा संयुजेचा क्रोमियम, कर्करोग करणारा. हिरवा तो तीन संयुजेचा, त्यामानाने खूपच कमी विषारी आणि मुख्य म्हणजे गाळून बाहेर काढता येणारा. तो गाळ पोत्यात भरून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जातो. हा अर्धा तास कुणी टाळला तर तेच पिवळं पाणी नाल्यात जातं, आणि आमच्या बाजूच्या नाल्यांचं पुढे काय होतं हे आळंदीला इंद्रायणीकाठी उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. माझी आजी कार्तिकीला त्या नदीचं पाणी तांब्यात भरून घरी आणायची. मी आज आणणार नाही.

हे लिहायचं कारण माझी भाची. ती पर्यावरणशास्त्र शिकतेय. परवा जेवताना म्हणाली, "आत्या, उद्योगांना नियमांत मोकळीक द्यायची म्हणजे प्रदूषणाला परवानगीच ना? तू तर रोज बघतेस." मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, आमटी वाढत होते. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण मी रोज जे बघते ते तिला वाटतं त्याहून वेगळं आहे.

निकेलच्या लाईनचंच घेऊ. जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, निकेलच्या बाथमधून, म्हणजे द्रावणाच्या टाकीतून वर काढला की त्याच्या अंगाला थोडं द्रावण चिकटून येतं. त्याला आम्ही ड्रॅग-आऊट म्हणतो. समजा तासाला एक लिटर द्रावण असं बाहेर येतं आणि जॉब स्वच्छ निघायला ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर तासाला हजार लिटर पाणी सोडावं लागतं. दोन टाक्या एकापुढे एक ठेवल्या, जॉब पहिलीतून दुसरीत आणि पाणी उलट, दुसरीतून पहिलीत आणलं, तर तेवढ्याच स्वच्छतेला साधारण ३२ लिटर पुरतं. तीन टाक्यांत १० लिटर. मला हा हिशोब पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सुपरवायझर मामांनी खडूने जमिनीवर करून दाखवला होता आणि मी दोनदा पुसून परत करायला लावला होता. विश्वासच बसेना.

एवढं कमी पाणी वापरलं की आणखी एक गोष्ट जमते. निकेलचा बाथ ५५-६० अंशांवर चालतो, त्यातलं पाणी सारखं उडत असतं. तिथे भर म्हणून हे धुण्याचं पाणीच परत घालता येतं. विकत घेतलेलं निकेल नाल्यात न जाता बाथमध्ये परत येतं. मेटल वाचलं, पाणी वाचलं, चुना कमी लागला, गाळ कमी झाला. शेठना पर्यावरणावर भाषण द्यावं लागत नाही, निकेल सल्फेटचं बिल पुरतं.

आता नियम बघा. निकेलची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम. पहिल्या शेडमध्ये एकच टाकी, तासाला हजार लिटर, प्रक्रियेनंतर लिटरमागे बरोबर ३ मिलिग्रॅम. आठ तासांत २४ ग्रॅम निकेल बाहेर गेलं आणि रिपोर्ट पास. दुसऱ्या शेडमध्ये दोन टाक्या, तासाला ३२ लिटर, प्रक्रियेनंतर लिटरमागे ४ मिलिग्रॅम. आठ तासांत जेमतेम एक ग्रॅम गेलं आणि रिपोर्ट नापास. नदीच्या दृष्टीने दुसरा माणूस तेवीस-चोवीसपट चांगला वागला आणि नोटीस त्यालाच. उलट पहिल्याचा रिपोर्ट कधी काठावर आलाच तर त्याला उपाय माहीत असतो. नळ आणखी सोडायचा. पाणी पातळ झालं की आकडा खाली येतो, निकेल तेवढंच जातं.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात रोज किती पाणी सोडायचं हेही लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. पण बाहेर पडणाऱ्या पाइपाला मीटरच नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. लहान शेडमध्ये मी मीटर क्वचित पाहिलाय.

दुसरा अनुभव जास्त कडू आहे. आमच्या एका शेडचं मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांच्याकडून पर्यावरणाचं ऑडिट करायला माणसं आली, हातात छापील यादी घेऊन. सँड फिल्टर आहे का, कार्बन फिल्टर आहे का, एवढ्या एवढ्या क्षमतेची टाकी आहे का. शेठनी वर्षभर पैसे बाजूला टाकून ठेवले होते ते धुण्याच्या जादा टाक्या घालण्यासाठी. मी त्या माणसांना खडूचा तोच हिशोब मांडून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर असेल मॅडम, पण आमच्या यादीत हा रकाना नाही. शेठ मला नंतर म्हणाले, "पैसा एकच आहे. एक तर हे घ्या, नाही तर ते." कार्बन फिल्टर आला. पाण्यात विरघळलेल्या निकेलला तो फारसा हात लावत नाही. तो कोपऱ्यात उभा राहिला, यादीत बरोबरची खूण झाली आणि दोन वर्षं निकेल आधीसारखंच वाहत राहिलं. त्या दोन वर्षांचा मला आजही राग येतो.

म्हणून भाचीला माझं उत्तर असं आहे. यंत्र कुठलं घ्यायचं, टाक्या किती, कुठल्या क्रमाने, हे शेडवाल्याला ठरवू दे. त्याला त्याची लाईन कुणाहीपेक्षा जास्त कळते. बाहेर किती ग्रॅम जातं ते मात्र घट्ट धरा, रोज मोजा आणि तिथे एका ग्रॅमचीही सूट देऊ नका.

हे फक्त माझ्या मनचं नाही. सुरतेत २०१९ पासून असा प्रयोग झाला. कोळसा जाळणाऱ्या ३१७ कारखान्यांच्या धुराड्यांना सतत मोजणारी यंत्रं होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून त्यातल्या सुमारे निम्म्यांना एका बाजारात आणलं. सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची त्याची एकच मर्यादा ठरली आणि तिच्या किलोकिलोच्या परवानग्या वाटल्या. ज्याला धूर कमी करणं स्वस्तात जमतं त्याने तो करावा आणि उरलेल्या परवानग्या विकाव्यात, ज्याला महाग पडतं त्याने विकत घ्याव्यात. ज्यांचं जुन्या पद्धतीने चाललं होतं त्यांच्यापेक्षा या कारखान्यांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही कमी खर्चात. अमेरिकेत आम्लपावसासाठी १९९० च्या कायद्याने सल्फर डायऑक्साइडचा असाच बाजार उभा केला आणि १९९५ पासून तो चालू झाला. कुठल्या वीजकेंद्राने कमी गंधकाचा कोळसा आणायचा आणि कुणी धूर धुणारी यंत्रणा बसवायची, हे ज्याचं त्याने ठरवलं.

पण सुरतेचा खरा धडा मला त्या धुराड्यावरच्या यंत्रात दिसतो. मोजणंच खोटं असेल तर मोकळीक म्हणजे लूट. गुजरातेतच त्याआधी ऑडिटरांवर एक अभ्यास झाला होता. कारखाना स्वतः ऑडिटर निवडतो आणि स्वतः पैसे देतो, तेव्हा अहवाल मर्यादेच्या जरा खाली, असे ठरवून लिहिल्यासारखे येत. मग काही कारखान्यांना ऑडिटर सोडतीने नेमून दिले, त्यांची फी एका सामायिक निधीतून दिली आणि त्यांचे नमुने पुन्हा तपासले. खोटं 'पास' लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं. नमुन्याची बाटली कुणी भरायची आणि तिचे पैसे कुणी द्यायचे यावर सगळं कसं फिरतं, हे मी या आयुष्यात फार जवळून पाहिलंय. त्यामुळे हा अभ्यास वाचताना अंगावर काटा आला.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ च्या पर्यावरण दिनी उद्योगांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, धुराड्यातल्या धुळीवरून. कारखान्याचा आकडा लोकांसमोर ठेवायचा, ही कल्पना मला फार आवडली. पाण्यासाठीही असं व्हावं, आणि तारे लिटरमागच्या मिलिग्रॅमवर नाही तर दिवसाच्या ग्रॅमवर मिळावेत.

आणि दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली नियम मोडण्याबद्दलची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला, आणि त्या पैशांसाठी निधीही ठेवला. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे चुकलं असं वाटतं. मला वाटतं की सगळं त्या पैशाचं काय होतं यावर आहे. अमेरिकेत दंडाच्या तडजोडीत एक सोय वर्षानुवर्षं वापरली गेलीय. कंपनी स्वतःहून एखादा पर्यावरणाचा प्रकल्प करायला तयार झाली तर दंडात थोडी सूट मिळायची, पण प्रकल्पाचा संबंध तिने केलेल्या चुकीशीच असावा लागायचा आणि कायद्याने तसंही करावंच लागणारं काम त्यात धरत नसत. आमच्या नाल्याला निकेल सोडलं तर त्याच नाल्याकाठच्या चार लहान शेडना जादा टाक्या बसवून द्यायच्या, असं झालं तर मी स्वतः फुकट जाऊन लाईन मांडून देईन.

इथे एक गोष्ट भाचीच्या बाजूने सांगते, कारण ती चूक नाही. काही ठिकाणी मोकळीक मुळीच नको. पिकलिंगचं, म्हणजे गंज काढायचं आम्ल आणि सायनाइडच्या लाईनचं पाणी एका गटारात कधीच जायचं नाही. दोन्ही भेटले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, जागेवर माणूस मरतो. तिथे दोन वेगळे पाइप, वेगळ्या टाक्या, सायनाइड आधी कॉस्टिक सोडा आणि हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) अल्कलीत मोडायचं, हा क्रम जसा सांगितलाय तसाच. शेठचं डोकं तिथे चालवायचं नाही, माझंही नाही. क्रोमचंही तसंच. सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, तिचा कुठलाही बाजार नको. धूळ आणि गंधक हवेत मिसळून दूरवर जातात, त्यामुळे इथला किलो तिथे भरून काढता येतो. क्रोम मात्र जिथे सुटतो तिथल्याच विहिरीत उतरतो. त्या विहिरीवरच्या बाईला सांगून काय उपयोग, की चाकणमधल्या कुणीतरी तुझ्या वाटचा क्रोम वाचवलाय?

कार्बन फिल्टरवाल्या शेडमध्ये शेवटी जादा टाक्या बसल्या. एकावेळी दोन परवडल्या नाहीत म्हणून आधी एक आणि आठ महिन्यांनी दुसरी. लाईनवरचा मुलगा जॉब बाथवर दहा सेकंद जास्त टांगून धरायला शिकला. थेंब परत बाथमध्येच पडायला हवेत, हे त्याला मी एकदाच सांगितलं. आता नवीन आलेल्या पोरांना तो हाताने थांबवतो, "थांब की, गळू दे," म्हणतो. महिनाअखेरीला निकेलची पोती मोजली तेव्हा शेठ स्वतः गोदामात गेले आणि परत मोजून आले.

आता शेजारच्या पाच शेडवाल्यांशी बोलणी चाललीत. सहा जणांनी मिळून एक फिल्टर प्रेस, म्हणजे गाळातलं पाणी पिळून काढणारं यंत्र घ्यायचं आणि प्रत्येकाने आपल्या बाहेरच्या पाइपाला मीटर लावायचा. पहिला मीटर आमच्याकडे. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, लाईन बंद असते, म्हणून गुरुवारीच प्लंबर येतोय. मी वही आणून ठेवलीय. तीन रकाने आखलेत, तारीख, लिटर आणि ग्रॅम. शुक्रवारी सकाळी पहिला आकडा लिहायचा, आणि तो लाईनवरच्या मुलाने लिहायचा असं ठरलंय.