सरकारी साक्षीदारांतून बचाव उभा करणारे भुलाभाई

आपल्या शाळेतून आजही काही मुले-मुली वकिलीकडे वळतात. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा सिनेमातला टेबलावर हात आपटणारा वकील असतो. त्यांनी भुलाभाई देसाई वाचावेत, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतली ही जागा त्यांना देतो.

भुलाभाईंचा जन्म 1877 चा, वलसाडजवळचा. मॅट्रिक मुंबईच्या भर्डा हायस्कूलमधून, पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात प्राध्यापकी. 1905 पासून मुंबई हायकोर्ट. मोतीलाल सेटलवाड, म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल, त्यांच्याच चेंबरमध्ये घडले. बार्डोलीच्या सत्याग्रहानंतर शेतसारावाढीची चौकशी करणाऱ्या ब्रूमफील्ड समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू भुलाभाईंनी मांडली.

पण त्यांचे खरे कसब पाहायचे तर नोव्हेंबर 1945 मधला लाल किल्ल्यातला खटला पाहावा. आरोपी तीन, सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद फौजेतले अधिकारी: शाहनवाझ खान, प्रेम सहगल, गुरुबक्षसिंग धिल्लाँ. न्यायालय लष्करी, सात अधिकाऱ्यांचे, त्यांत चार ब्रिटिश. दंड संहितेच्या कलम 121 खाली राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप तिघांवर. शिवाय आझाद हिंद फौजेतून पळू पाहणाऱ्या सैनिकांना गोळ्या घातल्याबद्दल खून आणि खुनास चिथावणी. सरकारतर्फे अ‍ॅडव्होकेट जनरल नौशेरवान इंजिनियर. बचाव समितीत सप्रू, काटजू, असफ अली, नेहरू अशी मोठी नावे होती, पण खटल्याचा भार वाहिला तो भुलाभाईंनी, तोही प्रकृती ढासळलेली असताना.

युद्ध झालेच नाही, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. कागदपत्रे सरकारच्या हातात होती. म्हणून बचाव कायद्यावर उभा केला: आझाद हिंद सरकार रीतसर स्थापन झाले होते, त्याने युद्ध जाहीर केले होते, तेव्हा त्याच्या सैनिकाने रणात केलेले कृत्य हा खासगी गुन्हा ठरत नाही. आता हे सिद्ध कुणाच्या तोंडून करायचे? सरकारचे पहिलेच साक्षीदार लेफ्टनंट नाग हे फौजेच्या कायदेविषयक कामातले. त्यांच्याच उलटतपासणीतून फौजेची शिस्तबद्ध रचना आणि तिचा स्वतंत्र लष्करी कायदा नोंदीवर आला. नंतर जपानी परराष्ट्र खात्याचे अधिकारी बचावाचे साक्षीदार म्हणून आले ते याच पायावर, आझाद हिंद सरकारला मिळालेली मान्यता शाबीत करायला.

नवखा वकील नेमका इथे घसरतो. प्रतिकूल साक्षीदाराला तो खोटा पाडायला जातो, आवाज चढवतो, आणि साक्षीदार सावध होतो. ज्याचे उत्तर साक्षीदाराला नाकारता येणार नाही तेवढेच विचारावे, एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवावी, ‘का’ विचारू नये. हवे ते उत्तर नोंदले गेले की त्या मुद्द्यावर थांबावे. आणखी एक प्रश्न विचारला की साक्षीदाराला खुलाशाची संधी मिळते आणि कमावलेले हातचे जाते. मिळालेल्या उत्तराचा अर्थ सांगायची जागा उलटतपासणी नव्हे, अखेरचा युक्तिवाद. भुलाभाईंनी तो दोन दिवस केला, हातात टिपणे न घेता. अशी स्मरणशक्ती प्रत्येकाला लाभत नाही, पण कोणते उत्तर कोणत्या मुद्द्याला लावायचे हे आधीच ठरलेले असेल तर टिपणांची गरज खूप कमी होते.

खुनाच्या आरोपांवर मात्र त्यांनी वस्तुस्थितीवरच लढत दिली. मृत्युदंडाचा हुकूम निघणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी पुराव्याने शाबीत होणे वेगळे, हा फरक त्यांनी न्यायालयापुढे लावून धरला. धिल्लाँ खुनातून आणि सहगल चिथावणीतून सुटले; शाहनवाझ चिथावणीबद्दल दोषी ठरले.

युद्ध पुकारल्याबद्दल तिघेही दोषी धरले गेले. कलम 121 मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा याहून कमी काही देताच येत नव्हते, म्हणून न्यायालयाने दुसरी दिली, सोबत बडतर्फी आणि थकीत पगाराची जप्ती. सरसेनापती ऑकिनलेक यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली आणि जानेवारी 1946 च्या पहिल्याच आठवड्यात तिघे किल्ल्याबाहेर आले. भुलाभाई त्यानंतर जेमतेम चार महिने जगले. 6 मे 1946 रोजी ते गेले.