टोपल्याखालची साळुंकी

सकाळी टोपलं उचललं तर साळुंकी एका कुशीवर पडलेली. पाय आखडलेले, डोळा अर्धा उघडा. काल संध्याकाळी तर खांद्यावर बसून माझे केस ओढत होती.

मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, कडुनिंबाखाली चोच वासून धापा टाकत होती. पाखरांना घाम येत नाही, धापा टाकून ती अंग थंड करतात. चोचीत पाणी ओतलं तर श्वासनळीत जातं, म्हणून वाटीच चोचीपुढे धरली. मग रोज शेताच्या धुऱ्यावरून नाकतोडे आणणं सुरू झालं.

धुऱ्यावरच्या बाभळीखालीच पुरलं तिला.

दुपारी भाकर थापताना आईनं सवयीनं तुकडा बाजूला काढला. हात थांबला. "आता हा कोनाले देऊ?"

नाकतोड्यांची डबी अजून खिशातच आहे.

माणूस गेलं की चार लोक येऊन बसतात. पाखरू गेल्यावर कोणाजवळ बोलायचं?