सकाळचा तो पाव तास

"त्याचं मन तयार झालं की जाईल दारू सोडवायला," असं घरोघरी ऐकू येतं. पण मन एकदा तयार झालं आणि तसंच राहिलं, असं होत नाही. दारू सोडावीशी वाटते ती पाव-अर्धा तास, आणि बहुतेक सकाळी. हात थरथरतात, कपातला चहा बशीत सांडतो. तेवढ्यात कुठं जायचं हे ठरलेलं नसलं, तर उताऱ्याचा घोट पोटात जातो, थरथर थांबते आणि सोडायचा विचारही विरतो.

म्हणून त्या पाव तासाची तयारी आधी करून ठेवायची. कुठल्या वारी ओपीडी असते, पहिली एसटी कितीची, सोबत कोण येणार. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, सांगली-मिरजेला शासकीय रुग्णालय. तिथं मानसोपचाराची चौकशी करायची. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभी केलेली 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था याच कामातली. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एका पिशवीत आधारकार्ड, जुने रिपोर्ट, गाडीभाडं आणि एक चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीत चारच गोष्टी: रोज किती, शेवटचा घोट कधी, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पूर्वी कधी फिट किंवा भास झालेत का. "थोडीशी घेतो" याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. विदेशी दारूची एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि, ३० मिलिचे सहा पेग, जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन क्वार्टरची एक सांगितली की गोळ्यांचा डोस कमी बसतो, त्रास उसळतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर.

बोलायचं कसं? प्यायलेला असताना मुळीच नाही. तो शुद्धीत असताना एकच प्रश्न:
"अहो, सोडावी असं दहापैकी किती वाटतं?"
"तीन."
"मग एक का नाही म्हणालात?"
इथं गप्प बसायचं. "पोरगी मैत्रिणींना घरी आणत नाही," हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. आपण शंभरदा सुनावून ते होत नाही. उलट "दहा का नाही?" असं विचारलंत, तर न सोडायची कारणंच ऐकून घ्याल.

आता शपथेबद्दल. पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलून एका रात्रीत बंद करणं आपल्याकडं मर्दानी मानतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. घरचे याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडं नेतात. न्यायला हवं सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत. आणि गावात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेण्याआधी डॉक्टरला दारूचं स्पष्ट सांगायचं. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

श्रावण पाळतो म्हणजे व्यसन नाही, हाही एक लाडका गैरसमज. श्रावण संपायच्या दिवसाची वाट कशी बघितली जाते, ते बघा.

भाजीत गुपचूप कालवायची पावडर आणू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वर दारू पडली, तर रक्तदाब एकदम उतरतो, जीव जाऊ शकतो. हेच औषध माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच्या देखरेखीत दिलं तर उपयोगी पडतं.

"वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील" ही भीती मोठी असते. फिट, भास यांचा इतिहास नसेल, घरी लक्ष द्यायला कुणी असेल, तर काहींचा उपचार ओपीडीवरही होतो. थरथर उतरवायच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस, रोज कमी करत. त्या संपल्या की बरा झाला असं समजून पुढची तारीख चुकवतात, आणि गाडी इथंच घसरते. ओढ कमी करायची औषधं, समुपदेशन, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या, बैठका हे सगळं त्यानंतरचं. बैठकीला फी नसते.

पुढची तारीख घेताना कॅलेंडर जवळ ठेवा. उसाचं बिल जमा होतं तो आठवडा आणि गावची जत्रा या दोन्हींच्या आदल्या दिवशीची तारीख मागून घ्यायची. बिलाच्या आठवड्यात एटीएम कार्ड, त्याच्याच संमतीनं, भावाकडं.