बॅच ३१: लोण्याचा वास आणि १७,१०० कोटी यीस्ट

बिअर बनवण्याच्या अभ्यासक्रमाचं सत्र सुरू होऊन नऊ आठवडे झाले. डेट्रॉइटच्या उपनगरातलं कम्युनिटी कॉलेज, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सहा ते साडेनऊ, ऑफिसातून थेट. चार वर्षांत गॅरेजमध्ये बिअरच्या ३० बॅचेस काढून झाल्या होत्या, त्यामुळे मी जरा ऐटीतच गेलो होतो. ती ऐट तिसऱ्या आठवड्यात उतरली.

पहिले दोन आठवडे माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि मॅशचे (ते भरडून गरम पाण्यात मुरवणं). बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची. वर्गातली मुलं भराभरा टिपणं घेत होती आणि मला आजीचं नाचणीचं सत्त्व आठवत होतं, कृती तीच. मॅशचं तापमान मी आजवर ‘६५ ते ७०, कुठेतरी’ धरायचो. आता कळलं की ६३ च्या आसपास ठेवलं तर बीटा अमायलेज हे पिष्ट तोडणारं विकर जोरात चालतं आणि बिअर सडसडीत होते, ७० कडे सरकलं की अल्फा अमायलेजचं राज्य आणि बिअर अंगाने भरते. पिष्टाची साखर झाली की नाही ते बघायला आयोडीनचा थेंब, शाळेत बटाट्यावर टाकायचो तोच. काळानिळा झाला तर मॅश अजून थांबायची.

तिसऱ्या आठवड्यात चव आणि वास ओळखायचा वर्ग. सहा पेले समोर, सगळ्यांत तीच हलकी लागर बिअर, पाचांत एकेक दोष मुद्दाम मिसळलेला. चौथ्या पेल्यापुढे मी लिहिलं, ‘छान, मऊ, साजूक’. बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘थिएटरमधला पॉपकॉर्न’. सर हसले. तो डायअसिटील होता.

आता यात माझ्या नाकाचा काय दोष? विरजलेल्या सायीच्या लोण्याला जो वास असतो, त्यात हेच रसायन असतं. आमच्याकडे हा वास सुटला की माणसं पोळी घेऊन पानावर बसतात. घरी येऊन बॅच २७, २८ आणि ३० ची एकेक बाटली उघडली. तिन्हींत लोणी. म्हणजे मंडळी इतके दिवस ‘तुझ्या बिअरला काहीतरी वेगळीच चव असते’ म्हणत होती, ती ही!

कारण शोधायला दोन आठवडे गेले. यीस्ट वाढताना व्हॅलीन नावाचं अमिनो आम्ल बनवतं, त्या वाटेवर अल्फा-असिटोलॅक्टेट बाहेर गळतं. त्याला वास नाही. ते हळूहळू आपणहून डायअसिटील होतं, आणि मग यीस्टच ते परत ओढून घेऊन निरुपद्रवी करून टाकतं. शेवटचं काम यीस्ट जागं असेल तरच होतं. मी काय करत होतो? हायड्रोमीटरचा (घनता मोजायची नळी) आकडा स्थिर झाला की त्याच संध्याकाळी कारबॉय (आंबवायचा मोठा बुधला) फ्रिजमध्ये. एल प्रकारच्या बिअरचं इंग्लिश यीस्ट, थंडी लागली की तळाला बसणारच. वासाचा कच्चा माल मात्र बिअरमध्ये तसाच, आणि बाटलीत महिनाभराने त्याचं लोणी. म्हणून भरताना कधी कळलंच नाही.

दुसरी चूक मायक्रोस्कोपखाली सापडली. एलसाठी ढोबळ नियम असा: दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (हे साखरेचं माप) साडेसात लाख पेशी. माझा वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) १९ लिटर, घनता १.०४८, म्हणजे जवळपास १२ प्लेटो. गुणाकार केला तर १७,१०० कोटी. पाकिटावर १०,००० कोटी लिहिलेलं, पण ते चार महिने फ्रिजच्या दारात पडून होतं. मेथिलीन ब्लू घालून बघितलं तर दर पाचांत दोन पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. मी दरवेळी गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश यीस्ट घालत होतो. चमचाभर विरजणात घागरभर दूध लावल्यासारखं.

(मध्ये एक सांगायचं राहिलं. कॉलेजच्या तीन बॅरलच्या मॅशच्या टाकीतला चोथा फावड्याने उपसणं, हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. वाफाळता, ओला, आणि अंगाला रात्रभर लापशीचा वास. एक शेतकरी तो गुरांसाठी घेऊन जातो. त्यानंतर टाक्या धुणं. हे किती चालतं ते लिहीत नाही, नवीन लोक पळून जातील.)

तर बॅच ३१. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून स्टार्टर (यीस्ट आधी वाढवून घ्यायचं विरजण) केला, दोन दिवस फिरत ठेवला. नमुना ५० पट पातळ करून मोजला: मायक्रोस्कोपखालच्या मोजणीच्या काचेवर पाच चौकोनांत ३८ जिवंत, पंचवीसांत १९० धरले, म्हणजे एकूण १९,००० कोटी. पहिल्यांदाच भरपूर. १९ अंशांवर आंबवली, चौथ्या दिवशी २२ वर नेली आणि फ्रिजकडे बघायचं नाही असं ठरवलं.

सहाव्या दिवशी चाचणी. दोन पेल्यांत नमुना घ्यायचा, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवायचा, मग गार करून दोन्ही हुंगायचे. उष्णतेने लपलेला कच्चा माल उघडा पडतो. पण माझं नाक तर लोण्याला फितूर. सध्या आई सांगलीहून आलेली आहे. ती घेत नाही, पण वास घ्यायला तिची हरकत नव्हती. कोणता पेला कुठला ते न सांगता पुढे ठेवले. दोन्ही हुंगले, पदराने नाक पुसलं, परत हुंगले.

‘‘ह्यात ताकाचं लोणी आहे. त्यात नाही.’’

तापवलेला पेलाच उचलला होता. मला दोन्ही सारखेच.

नवव्या दिवशी परत. ‘‘आता कशातच काही नाही. नुसतं आंबलेलं पीठ. झालं का रे तुझं?’’ झालं होतं. घनता १.०१२ वर थांबली, मद्य ४.७ टक्के. मग थंड केली आणि ४८ बाटल्या भरल्या.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी वाचूनच समाधान मानावं, तिकडे घरी गाळणं कायद्यात बसत नाही. इकडे १९७८ सालच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे. मी त्याच्या आसपासही नाही.

बॅच ३२ मध्ये दहा टक्के मोडाची नाचणी घालायचा विचार आहे. आई २२ तारखेला परत जातेय. त्याआधी नववा दिवस गाठायचा तर या शनिवारीच मॅश लावायला हवी, आणि स्टार्टर आज रात्री.