दाजींचं कार्ड वाजतं

रविवार, रात्री उशिरा

पाय ठणकतायत, झोप नाही, आणि कानात एकच आवाज बसलाय. टण्.

बस्ता झाला एकदाचा. सकाळी लातूरच्या गंजगोलाईत, बाजारात, शिरलो ते दिवे लागल्यावर बाहेर पडलो. आक्का खूश, पमी खूश, पाहुण्यांकडच्या आत्याबाईंना ती मोरपिशी साडी अखेर पटली. म्हणजे वाईट काहीच झालेलं नाही. तरी मी इथं वही घेऊन बसलेय.

बिलाच्या वेळी दाजींनी पाकीट काढलं आणि क्रेडिट कार्ड काउंटरच्या काचेवर ठेवलं. ठेवलं कसलं, दोन बोटं वरून सोडलं. टण् वाजलं. काउंटरवरच्या पोरानं ते उचललं, तळहातावर तोललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "सायेब, हे लोखंडाचं हाय का?" झालं. आत्याबाईंनी हातात घेतलं, नवरदेवाच्या भावानं घेतलं, "लै जड हाय की हो!" दाजी फक्त "मेटल आहे" म्हणाले आणि गप्प बसले. त्यांना आणखी काही बोलायची गरजच उरली नव्हती.

मग मामाकडच्या आहेराचं बिल. ते मी दिलं. मामा म्हणजे आमचा भाऊ तात्या, त्याचं सोयाबीन अजून घरातच आहे. जाऊ दे, तो विषय नाही. माझं निळं कार्ड त्या पोरानं न बघता घेतलं, मशीनमध्ये खुपसलं, मी पिन दाबला, पावती निघाली, आणि त्याचा हात माझ्या मागच्या बाईकडे गेला सुद्धा. आत्याबाई तेव्हा दाजींच्या कार्डावरच बोलत होत्या.

एवढंच झालं. आणि मला ते लागलं.

का लागावं? मी पगारदार बाई, शाळेत गणित शिकवते. कार्डाचं बिल देय तारखेच्या आधी भरते, एकदाही थकवलेलं नाही. ते कुणाला दिसतं? उधारी फेडण्याची पत सांगणारा सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये कुठं आहे ते माझ्या मोबाइलमध्ये असतं, कपाळावर नसतं. लिमिट किती ते बँकेला ठाऊक. चारचौघांना दिसतो तो एवढासा तुकडाच. तो निळा असेल, कडेला सोलवटलेला असेल, तर मीही तशीच, कडेला सोलवटलेली. असं वाटलं खरं त्या क्षणी. यांना सांगितलं तर हसले आणि कूस बदलून झोपले.

वास्तविक दोन्ही कार्डं अगदी एका मापाची. ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ रुंद. जगभर हेच माप, म्हणून तर कुठल्याही मशीनमध्ये जातं. फरक फक्त वजनाचा, प्लास्टिकचं साधारण पाच ग्रॅम, धातूचं त्याच्या दुपटी-तिपटीनं भारी. त्या जास्तीच्या ग्रॅमांनी मशीनला काडीचा फरक पडत नाही. उलट धातू आडवा आला की टॅप करतानाचे सिग्नल अडतात, म्हणून काही कार्डं एकाच बाजूनं टॅप करावी लागतात. १९५० साली न्यूयॉर्कात डायनर्स क्लबनं पहिलं कार्ड काढलं ते तर पुठ्ठ्याचं होतं, आणि त्यावर लोक झकास जेवून उठत होते.

माझ्या जुन्या कार्डावर माझं नाव उठावाचं होतं. पूर्वी कार्बनच्या कागदावर छाप घ्यायला ती अक्षरं वर काढत. लातुरात तसलं यंत्र मी कधी पाहिलं नाही, पण पर्समध्ये हात घालून त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची सवय मला होती. नंतरच्या कार्डावर सगळं सपाट, आणि नाव मागच्या बाजूला बारीक. तेव्हाही थोडं वाईट वाटलं होतं. म्हणजे दाजींना नावं ठेवायला मी मोकळी नाहीच. आक्कानं ग्रुपवर त्यांच्या कार्डाच्या डब्याचा व्हिडिओ टाकला होता, ठुशीच्या डब्यासारखी आत मखमल. मी अंगठा पाठवला आणि व्हिडिओ पुन्हा पाहिला.

आजी हाली रुपया दगडावर वाजवून घ्यायची म्हणे. निजामाचा, चारमिनार असलेला, सहा कलदाराला, म्हणजे इंग्रजी रुपयांना, सात हाली. खोटा असला तर बद्द वाजायचा. तिला आवाजातून चांदी कळायची. दाजींच्या कार्डाच्या आवाजातून मला नेमकं काय कळलं? की ते लोखंडी आहे. बिल भरलंय की 'किमान रक्कम' भरून पुढं ढकललंय, हे त्या टणत्कारात नसतं. थकलं तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज, वर्षाला चाळीसच्या वर. (दाजींचं थकलंय असं मी म्हणत नाही. आक्कानं दिवाळीत जे विचारलं होतं ते मी इथंही लिहिणार नाही.)

आणि मग तात्या आठवला. आम्ही बिलं देत होतो तेव्हा तो दुकानाच्या दारात उभा होता, उगीच मोबाइल बघत. त्याच्याकडेही क्रेडिट कार्ड आहेच की! किसान क्रेडिट कार्ड. १९९८ पासूनची योजना. व्याज सात टक्के, वेळेत फेडलं तर तीनाची सूट, म्हणजे चारच. राज्याची सवलत धरली तर त्याहून कमी. आमच्या तिघांत सगळ्यात स्वस्त उधारी त्याची. पण ते कार्ड कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत असतं. ते कुणी काचेवर टाकत नाही, कुणी तळहातावर तोलत नाही. गावात त्याला कार्ड म्हणतसुद्धा नाहीत, पीककर्ज म्हणतात, आणि पाहुण्यांपुढं त्याचं नाव निघालं की वहिनी चहा ठेवायला उठते. उधारी दोन्हीकडं. एकीची मिरवणूक, दुसरीची झाकपाक.

हे लिहिल्यावर मला जरा हसूच आलं. मी मधल्या मध्ये निळं कार्ड घेऊन रुसून बसलेली. ना मिरवायला, ना झाकायला.

मग बसल्या बसल्या बँकेचं अ‍ॅप उघडलं. नुसतं बघायला. धातूचं कार्ड माझ्या बँकेकडंही आहे. वार्षिक फी दहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. चार हजार तीनशेच्या भावानं पावणेतीन क्विंटल सोयाबीन होतं ते. शिवाय ते नको झालं तर कात्रीनं कापताही येत नाही, बँकेकडं परत पाठवायचं. संतापून कार्ड कापायची सोय नसेल तर बाईनं ते घ्यावंच कशाला?

बंद केलं अ‍ॅप. परत उघडलं.

कार्ड बदलून देण्याचा अर्ज टाकला, साध्या प्लास्टिकच्याच. कारण लिहिलं, 'कडा सोलवटल्या आहेत', आणि ते खोटं नाही. खाली रंगाचा रकाना होता. निळा, लाल, काळा. काळा निवडला. काळा जरा भारी दिसतो.